न पाहिलेले पिरॅमिड

जूनच्या अखेरीस हनुमंत इजिप्तहून परत आला, तेव्हा लोणीच्या चौकात त्याच्या स्वागताला हनुमंतच उभा होता. दहा फुटी फ्लेक्सवर. डोळ्यांवर काळा गॉगल, मागे तीन पिरॅमिड, बाजूला एक उंट, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘इजिप्त देशाचा यशस्वी दौरा करून मायदेशी परतलेले आमचे मित्र हनुमंतशेठ यांचे हार्दिक अभिनंदन’. चेहरा चुलतभावाच्या लग्नातल्या फोटोतला होता; गॉगल कुणाचा होता कोण जाणे. जीपमधून उतरलेल्या खऱ्या हनुमंतानं बॅग खाली ठेवली आणि तो बराच वेळ वर बघत राहिला.

कारण पिरॅमिड त्यानं पाहिलेच नव्हते.

जाताना विमानतळावरून मळ्याकडं नेणारी गाडी म्हणे पिरॅमिडच्या जवळूनच गेली होती, पण रात्रभर जागलेला हनुमंत तेव्हा तोंड उघडं टाकून झोपला होता. येताना अंधार होता. मधले सहा महिने तो मळ्यातून फारसा बाहेर पडला नाही. हे सगळं त्यानं त्याच दिवशी सांगून टाकायला हवं होतं. पण फ्लेक्स करणारा रविंद्र त्याचा शाळेपासूनचा मित्र. नारायणगावात त्याचं छपाईचं दुकान, आणि हा फ्लेक्स त्यानं स्वतः दोन तास बसून जुळवलेला. तो धावत आला, गळ्यात हार घातला आणि विचारलं, “कसं वाटलं राव पिरॅमिड?” हनुमंत म्हणाला, “मोठं हायेत.” एवढंच. पण तेवढ्यानं तो अडकला.

हनुमंत मूळचा मेंढक्याच्या घरातला. वडील जानकू जन्मभर मेंढरांमागं चालले. हनुमंताचे पाय मात्र लहानपणापासून एका जागी थांबायला बघायचे. सतराव्या वर्षी तो छाटणीच्या टोळीबरोबर नारायणगावकडच्या द्राक्षबागांत गेला आणि तिथलाच झाला. त्याच्या हाताला एक गुण होता. काडीवरून अंगठा फिरवला की कुठल्या डोळ्यात घड लपलाय आणि कुठला डोळा वांझ आहे, हे त्याला कळायचं. कसं कळतं असं कुणी विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही. पंचवीस वर्षं याच अंगठ्यावर निघाली. बागांना सल्ला देत फिरणाऱ्या एका साहेबांनी इजिप्तमधल्या एका मळ्यासाठी पाच कसबी माणसं निवडली, त्यात हनुमंत पहिला; बाकीचे चौघे दुसऱ्या गावांतले. डिसेंबरच्या मध्यावर तो गेला.

तिथं पोचल्यावर पहिल्याच सकाळी त्यानं बाग पाहिली. एकाही वेलीला पान नव्हतं. मैलभर नुसत्या वाळक्या काड्या. आपल्याकडं वर्षात दोनदा छाटणी, वेल कधी झोपतच नाही. ही बाग तर मेलेली होती. मेलेल्या बागेवर कशाला आणलं आपल्याला, असं त्याच्या मनात आलं. त्यानं नखानं साल खरवडली, तर आत हिरवं. मागे उभा असलेला एक साठीचा माणूस हसला आणि दोन्ही हात गालाखाली धरून झोपेची खूण करून दाखवली. हा सब्री. मळ्याच्या पाण्याचं सगळं तो बघायचा. लोक त्याला ‘अम्म सब्री’ म्हणायचे. अम्म म्हणजे काका. पुढं हनुमंताचं त्याच्याशीच जमलं. दोघांना मिळून इंग्रजीचे वीसेक शब्द येत होते, बाकीचं हातवारे करून.

जानेवारीत छाटणी उरकली, काड्यांवरच्या डोळ्यांना कोंब फुटायची पेस्ट लावून झाली. वरची जाळी बांधून घेऊ, असं हनुमंत म्हणाला की सब्री मान हलवायचा. “नो. अमशीर.” तारा ताणू? “अमशीर.” हनुमंताला वाटलं, अमशीर म्हणजे मोठ्या ऑफिसातले इंजिनियर असणार, ते आल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. त्यानं कात्र्या घासूनपुसून ठेवल्या, वहीत रोजचं काम स्वच्छ अक्षरात लिहायला लागला, एकदा तर दाढीसुद्धा केली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी आभाळ पिवळं झालं आणि असा वारा सुटला की वाळूनं समोरचा माणूस दिसेना. पॅकहाऊसचे पत्रे उडाले. सब्रीनं तोंडाला फडकं बांधलं, आभाळाकडं बोट दाखवलं आणि ओरडला, “अमशीर!”

तो महिना होता. वाऱ्याचा महिना. त्यांच्याकडं सरकारी कामाला इंग्रजी महिने, सणावाराला अरबी महिने, आणि शेतीला हे तिसरेच, फार जुने. आपण मृग कधी निघाला, आर्द्रा लागली का, असं म्हणतो, तसेच हे म्हणतात. कुणाचे महिने हे, असं विचारलं तर सब्री म्हणाला, “फिरौन.” म्हणजे तिथले जुने राजे. पण मळ्यातले मुसलमान गडीही तेच महिने मोजायचे आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. हनुमंतानं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं: अमशीर, साहेब नाही.

त्याच अमशीरमध्ये त्याचे वडील गेले.

धाकट्या भावाचा, दादाभाऊचा, फोन आला. हनुमंत ठिबकच्या नळ्यांमध्ये उभा होता. वडील सकाळी मेंढरांना पाला टाकायला गेले आणि खाली बसले, ते उठलेच नाहीत.

“वाट बघू का?” दादाभाऊनं विचारलं.

हनुमंतानं हिशेब केला. शहराला जायचं, तिकीट, विमान, पुन्हा मुंबईहून गाव. दोन दिवसांच्या आत होत नव्हतं.

“नका बघू,” तो म्हणाला.

अंत्ययात्रा त्यानं मोबाइलवर पाहिली. ओढ्याच्या उतारावर रेंज गेली आणि पडद्यावर जानकूंच्या तिरडीचं नुसतं एक टोक गोठून राहिलं. गावाकडून सोबत आलेल्या एका गड्याकडून त्यानं डोकं भादरून घेतलं. दुसऱ्या दिवशी मळ्यातले दोघेतिघे येऊन हात हातात घेऊन अभिनंदन करायला लागले. मक्केला जाऊन आलेले लोक डोकं भादरतात, त्यांना वाटलं हाही कुठंतरी जाऊन आला. हनुमंताला काही कळेना. तोही मान डोलवत राहिला. सब्रीनं मात्र एकदा त्याच्या डोक्याकडं, एकदा डोळ्यांकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, “मदर? फादर?”

गावाकडं दहावा झाला, तेरावा झाला. आईनं, चिमाबाईनं, फोनवर सांगितलं की सगळं नीट झालं, कावळा लगोलग शिवला. म्हणजे संपलं. हनुमंतानंही मनाला तसंच सांगितलं.

मग मार्च आला, रमजान चालू झाला. दिवसभर कुणी पाणीसुद्धा पीत नव्हतं. सब्रीही दिवसा कुणासमोर खायचा-प्यायचा नाही आणि दर शुक्रवारी स्वच्छ कपडे घालून कुठंतरी जायचा. हनुमंत समजायचा, मशिदीत. त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक बारीक फुली गोंदलेली होती. चिमाबाईच्या हातावरही तुळस गोंदलेली होती, त्यामुळे हनुमंताला त्यात नवल वाटलं नाही.

एका संध्याकाळी सूर्य बुडाला, लोकांनी उपास सोडला, आणि सब्री एक टोपली घेऊन आला. टोपलीत गोल कड्यासारख्या भाकऱ्या आणि खजूर. त्यानं चार बोटं दाखवली, मग मूठ आवळून शून्य केलं.

“चाळीस,” हनुमंत म्हणाला.

“युवर फादर. टुडे.”

हनुमंतानं मनातल्या मनात मोजलं. खरंच चाळिसावा दिवस होता. त्यानं स्वतः मोजला नव्हता. सब्री एकेकाला भाकरी देत गेला, प्रत्येकाला म्हणाला, “जानको, अबू हनुमंत”, म्हणजे हनुमंताचा बाप. प्रत्येक गडी भाकरी घेताना ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला. हनुमंताच्याही हातात एक भाकरी आली. ती मेलेल्याच्या नावानं खायची की ठेवायची, खाल्ली तर कुठल्या तोंडानं, त्याला काहीच ठरवता येईना. कावळा तर शिवला होता. बाप तर गेला होता, रीतसर. मग आज हे कुणासाठी? शेवटी सगळे खाताहेत म्हणून त्यानंही खाल्ली, आणि तेव्हा कुठं त्याला रडू आलं. महिनाभरात आलं नव्हतं ते.

एप्रिलमध्ये सब्री त्याला आपल्या सणाला घेऊन गेला. जाड, उंच मातीच्या भिंती, आत गोल घुमट. हनुमंतानं दारातच चपला काढल्या आणि डोक्यावर रुमाल टाकला. मग वर पाहिलं तर घुमटावर क्रूस. आत धूप, मेणबत्त्या, काळे झगे घातलेले साधू. सब्री ख्रिश्चन होता. त्याचे शुक्रवार इथले होते, कारण तिकडं सुट्टी शुक्रवारची. त्याचा उपासही वेगळाच, मांस-दुधाविना पन्नास-पंचावन्न दिवसांचा, तो नेमका रमजानच्याच दिवसांत आला होता. आणि ती भाकरी त्यानं बिनदुधाची केली होती स्वतःला चालावी म्हणून, वाटली होती सूर्य बुडाल्यावर, मुसलमानांना चालावी म्हणून. हे हनुमंताला तिथं, त्या गर्दीत उभं असताना एकेक करून उलगडलं आणि चार महिन्यांत जे जे समजलं असं वाटत होतं ते सगळं पुन्हा विस्कटलं. साधू गात होते ती भाषा कुठली, म्हणून विचारलं. सब्री म्हणाला, जुनी, फिरौनांची. तुला कळते? सब्रीनं हसून नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सोमवारी तर सगळा मळाच कालव्याकाठच्या गवतावर जाऊन बसला, ख्रिश्चन, मुसलमान, बायकापोरं. रंगवलेली अंडी, कांद्याची पात, आणि खारवलेला मासा, ज्याच्या वासानं हनुमंताचा जीव नकोसा झाला. वसंताचा सण म्हणे. कुणाचा? सगळ्यांचा. कुठून आला? फिरौनांपासून. मग ते फिरौन गेले कुठं, असं हनुमंतानं हातवारे करून विचारलं. सब्रीनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. शेजारच्या मुसलमान गड्यानंही स्वतःच्याच छातीवर ठेवला. दोघे एकमेकांकडं बघून हसले आणि पुन्हा मासा खायला लागले.

हे सगळं डोक्यात घेऊन हनुमंत परत आला होता, आणि गाव त्याला विचारत होतं पिरॅमिडचं. चिमाबाईनं तेवढं वेगळं विचारलं. चाळिसाव्याचं त्यानं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “भाकरी ऊन ऊन व्हती का रं?” होती, असं त्यानं सांगितलं. तिचं समाधान झालं.

ऑगस्टमध्ये शाळेच्या मुख्याध्यापिका रत्ना मॅडम स्वतः घरी आल्या. गावातला एक माणूस इजिप्त पाहून आलाय, मुलांना त्याच्या तोंडून ऐकू दे, शनिवारी सकाळी तासभर बोला, म्हणाल्या. हनुमंतानं मान डोलवली. मुलगी सुप्रिया नववीत होती. तिनं शाळेच्या ग्रंथालयातून चित्रांचं जाड पुस्तक आणलं आणि बापाची तयारी करून घ्यायला बसली.

पण जितकं ती वाचून दाखवी तितका हनुमंताचा गोंधळ वाढे. शेवटची राणी क्लिओपात्रा, ती मूळची ग्रीक घराण्यातली.

“म्हंजी ती तिकडची न्हाईच?”

“पप्पा, तिचं घराणं तीनशे वर्षं तिथंच होतं. मग कुठली म्हणायची?”

मग रोमन आले. मग लोक ख्रिस्ती झाले आणि इसिस देवीच्या देवळाच्या भिंतीवर क्रूस कोरले. मग अरब आले. एका जुन्या देवळाच्या अंगणात, वाळूनं बुजलेल्या खांबांच्या वर, मशीद बांधलेली आहे आणि तिथं अजून नमाज होतो. आणि त्या मशिदीतल्या पिराच्या उरुसाला होडी मिरवतात, जशी पूर्वी देवाची मिरवायचे. ते त्याच्यातनंच आलंय का, असं हनुमंतानं विचारलं. सुप्रियानं पान उलटून पाहिलं. काही जण म्हणतात आलंय, काही म्हणतात सांगता येत नाही, असं लिहिलंय, म्हणाली.

मग ममीचं आलं. मेलेल्याचं शरीर नॅट्रॉन नावाच्या खारात चाळीस दिवस सुकवत ठेवायचे. हनुमंत ताठ बसला. किती दिवस, त्यानं पुन्हा विचारलं. चाळीस. आणि तो खार वादी नत्रून नावाच्या खोऱ्यातल्या तळ्यांतून आणायचे.

“आगं, मळ्याच्या फाट्यावर त्याचीच पाटी व्हती,” तो म्हणाला. “मी तिथंच व्हतो.”

सब्रीचे चाळीस दिवस त्या खारातून आले होते, की ख्रिस्ताकडून, की मुसलमानांकडून, की माणूस कुठंही असला तरी दुःखाला तेवढेच दिवस लागतात म्हणून? पुस्तकात नव्हतं. शनिवारपर्यंत हनुमंताच्या कागदावर सतरा नावं होती आणि डोक्यात एकही सरळ गोष्ट नव्हती.

शाळेच्या हॉलमध्ये सगळी मुलं जमिनीवर बसली होती. मागच्या खुर्च्यांवर गावातली पंधरावीस माणसं, त्यात रविंद्र. हनुमंतानं कागद वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. पिरॅमिडच्या आत गेल्यावर गरम होतं की गार, तिनं विचारलं. साधा प्रश्न. काहीही सांगता आलं असतं.

“मी पिरॅमिड बघितलं न्हाईत,” हनुमंत म्हणाला.

रविंद्रनं मान खाली घातली. रत्ना मॅडम म्हणाल्या, “बरं. मग जे बघितलं ते सांगा.”

त्यानं सांगितलं, पण धड सांगता आलं नाही. मासा आधी आला, वारा नंतर. अमशीर साहेबांवर मुलं हसली. झोपलेल्या बागेचं त्यानं चांगलं सांगितलं. चाळिसाव्याच्या भाकरीपाशी तो पाणी प्यायला थांबला. शेवटी कुणीतरी विचारलं की मग त्या लोकांचा धर्म नक्की कुठला. हनुमंतानं कागद घडी करून खिशात घातला.

“मला बी चार म्हैनं कळला नव्हता,” तो म्हणाला. “आता बी सगळं कळलं आसं न्हाई म्हणता येत.”

टाळ्या वाजल्या, नारळ-शाल झाली. पण संध्याकाळपर्यंत गावात वेगळंच सुरू झालं. ज्यानं पिरॅमिड पाहिले नाहीत तो इजिप्तला गेला कशावरून? गडी नाशकाच्या पुढं गेलाच नसेल. कुणी म्हणालं, सांगलीकडं होता. हनुमंतानं पासपोर्टवरचा शिक्का दाखवला, तर एकजण शांतपणे म्हणाला की असा शिक्का रविंद्रच्या दुकानातही मिळतो. रविंद्र तर दोन महिने बोलला नाही; चौकातला फ्लेक्स उतरवून कुणीतरी कांद्याच्या ढिगावर टाकला. हनुमंताला याचं फार नवल वाटलं. खोट्यावर गप्प बसलो तर हार घातले, आणि खरं बोललो तर लबाड ठरलो. तो चिडलाही नाही. नुसता कोड्यात पडल्यासारखा कामाला जायचा-यायचा.

शाळेतल्या भाषणानंतर पंधरा दिवसांनी सावळेराम आले. जानकूंच्या बरोबरीचे, चाळीस वर्षं त्यांच्यासोबत मेंढरं वळलेले. ते ओसरीवर बसले, चहा घेतला, आणि पिरॅमिडचं नावही काढलं नाही.

“तिकडं मेंढरं हायती का?”

“हायती की नाना. शेपटी आशी रुंद, चरबीची, मागं हालती. तोंड तांबडं.”

सावळेराम पुढं सरकले. चरबी शेपटीत, म्हणजे वाळवंटात साठवण, आं? लोकर कशी? कातरतात कधी? हनुमंताला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यानं सांगितलं. हा नाशकाला बसून सांगत नाही, हे सावळेरामांना शेपटीवरूनच कळलं होतं. सुप्रियानं मग पुस्तक आणलं. तिकडं मेंढ्याच्या तोंडाचे देव होते आजोबा, असं म्हणून तिनं दोन चित्रं दाखवली. एक कुंभाराच्या चाकावर माणसं घडवणारा देव ख्नुम. दुसरे देवळाच्या वाटेवर ओळीनं बसलेले दगडी मेंढे, अमुनचे.

सावळेरामांनी चष्मा लावला. पहिलं चित्र बघितलं, दुसरं बघितलं, पुन्हा पहिलं.

“ही एका जातीची न्हाईत,” ते म्हणाले.

“म्हंजी?”

“ह्याची शिंगं बघ. आडवी गेल्यात, पीळ पडून. आन् ह्याची कानामागनं वळून खाली आल्यात, आपल्या एडक्यावानी. ही दोन येगळी मेंढरं. पयल्याची जात आता हाय का तिकडं?”

हनुमंतानं असली आडवी शिंगं कुठं पाहिली नव्हती. सुप्रियानं मोबाइलवर शोधलं. बराच वेळ शोधून ती म्हणाली, खरंच, आडव्या शिंगांची जात फार जुनी होती, ती नाहीशी झाली, मग दुसरी आली. पण लोक त्या देवाचं चित्र काढताना पुढंही कितीतरी शतकं तीच जुनी शिंगं काढत राहिले.

“मेंढरू न्हाई, आन् देवाच्या डोक्यावर शिंगं तीच?” सावळेरामांनी विचारलं. “मग काढणाऱ्यानं बघितली कुठं?”

हनुमंतानं सब्रीला विचारून बघू म्हटलं. भाषा बदलून देणाऱ्या ॲपमध्ये त्यानं मराठीतून प्रश्न घातला. काय बदलून गेलं देव जाणे, कारण थोड्या वेळानं सब्रीचं उत्तर आलं ते हसण्याच्या आवाजाचं, आणि पाठोपाठ एक फोटो. सब्रीच्या भावाच्या दारातली चार मेंढरं, रुंद शेपट्यांची.

सावळेरामांनी मोबाइल हातात घेतला, सुप्रियाला चित्र मोठं करायला लावलं आणि शेपट्या सोडून थेट पायांकडं पाहिलं.

“खुरं वाढल्यात,” ते म्हणाले. “आशानं लंगडत्याल. कापाय सांग त्यास्नी.”

हनुमंत पुन्हा ॲप उघडून बसला. खुराला अरबीत काय म्हणतात, हे शोधायला.